विलगीकरण टाकीत अमोनिया पुन्हा पुन्हा का वाढतो, आणि तो कसा आटोक्यात ठेवावा

खाऱ्या पाण्यातल्या नव्या माशांसाठी वेगळी मांडलेली विलगीकरण टाकी अनेकांच्या घरी एकाच ठिकाणी अडते. मासा आणल्यावर पहिले दोन दिवस सगळे सुरळीत असते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीच्या नळीतला पिवळा रंग हिरवट होतो, आपण पाव टाकी पाणी बदलतो, रंग जरा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तिथेच येऊन ठेपतो. माझ्या ठाण्याच्या घरी ६० लिटरच्या टाकीत लागोपाठ तीन खेपांना हेच घडले आणि तिसऱ्या खेपेला एक पावडर ब्लू टँग गेला. ज्या रोगापासून वाचवण्यासाठी त्याला त्या टाकीत ठेवले होते तो रोग त्याला झालाच नव्हता. त्याच्या अंगावर एकही पांढरा ठिपका नव्हता, कल्ल्यांच्या कडा मात्र लालभडक झाल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक खेपेच्या नोंदी मी वहीत ठेवतो. पुढे लिहिले आहे ते त्या नोंदींवरून आणि त्यामागच्या रसायनशास्त्रावरून.

आधी आकडा तपासा

घरी वापरले जाणारे बहुतेक द्रवरूप किट एकूण अमोनिया मोजतात. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो: एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो आणि विषारी ठरतो, आणि दुसरे अमोनियम, जे त्या मानाने फारच कमी घातक असते. या दोहोंचे प्रमाण पीएच, तापमान आणि क्षारता (पाण्याचा खारेपणा) यांवर ठरते. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात २६ अंश सेल्सियसला पीएच ८.२ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण ७ टक्के भाग मुक्त असतो, पीएच ७.८ असेल तर तोच भाग ३ टक्क्यांच्या आसपास येतो. आणि पीएच ८.२ ठेवून पाणी ३० अंशांवर गेले तर तो ९ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणून नळीतल्या ०.५ (लिटरला मिलिग्रॅम) या एकाच आकड्याचा अर्थ दोन टाक्यांत वेगवेगळा असू शकतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-ठाण्याच्या घरांतील ३१-३२ अंशांच्या खोलीत तो हिवाळ्यापेक्षा अधिक गंभीर असतो. मुक्त अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आत राहिला तर मी निश्चिंत असतो, ०.०५ ला पोहोचला की त्याच दिवशी हालचाल करतो.

किटच्या वाचनातही चुका होतात. बाटल्या नीट न हलवणे, मुदत संपलेले द्रव वापरणे आणि रात्री पिवळसर दिव्याखाली रंग जुळवणे या तिन्ही गोष्टींमुळे शून्याच्या जागी ०.२५ दिसते. खात्री करायची असेल तर नुकतेच कालवलेले, टाकीत न गेलेले खारे पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्याची चाचणी त्याच वेळी करावी आणि दोन्ही नळ्या दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहाव्यात. दोन्हींत सारखाच फिकट हिरवा रंग असेल तर दोष टाकीचा नाही. टाकीत अमोनिया बांधून ठेवणारे द्रव आधी घातले असेल तरीही असे किट आकडा दाखवतच राहते, कारण बांधलेला अमोनियादेखील एकूण मोजणीत येतो. त्यामुळे घाबरून त्या द्रवाची मात्रा वाढवत नेणारे लोक मी पाहिले आहेत. फक्त मुक्त अमोनिया दाखवणारा रंगबदल बिल्ला, उदाहरणार्थ सीकेम कंपनीचा अमोनिया अलर्ट, अशा वेळी फार उपयोगी पडतो. तो काचेला आतून चिकटवून ठेवावा. मात्र अमोनिया उतरला तरी त्याचा रंग मूळ पिवळ्यावर यायला काही तास लागतात, हे लक्षात ठेवावे.

मासा आत्ताच धापा टाकत असेल तर

कल्ले वेगाने उघडझाप करत असतील, मासा वरच्या पाण्याशी तोंड लावून उभा असेल किंवा टाकीतले सगळेच मासे एका दिवसात मलूल झाले असतील, तर कारण शोधत बसण्याआधी पाणी बदलावे. मात्र वेगवान श्वास हे अमिलूडिनियम या परजीवीचेही, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘व्हेल्वेट’चेही लक्षण आहे. त्यात मासा उजेड टाळतो, पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, प्रवाहात तोंड घालून राहतो आणि टॉर्च तिरपी धरली तर अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते. चाचणीला पाच मिनिटे लागतात; ती केल्याशिवाय कोणतेही औषध घालू नये.

पाणी बदलायचे ते निम्मे बदलावे, पाव नव्हे. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान टाकीशी जुळलेले असावे. इथे एक बारकावा आहे आणि तो मला महाग पडलेला आहे. जुन्या पाण्याचा पीएच ७.७ पर्यंत घसरलेला असेल, त्यात एकूण अमोनिया भरपूर असेल आणि आपण ८.३ पीएचचे थोडेसेच ताजे पाणी ओतले, तर उरलेल्या अमोनियाचा मोठा भाग अमोनियमवरून मुक्त रूपात जातो आणि पाणी बदलल्यानंतर मासा आधीपेक्षा जास्त तडफडतो. अशा वेळी एकतर एकदमच ७० ते ८० टक्के पाणी बदलावे किंवा तेवढे पाणी तयार नसेल तर माशाला सरळ नव्या, जुळलेल्या पाण्याच्या बादलीत हवेचा दगड लावून हलवावे आणि मग टाकीकडे पाहावे.

हवेचा पंप पूर्ण सुरू ठेवावा, खाणे एक दिवस बंद करावे. धडधाकट मोठा मासा एक-दोन दिवस उपाशी राहू शकतो. अँथियससारख्या सतत खाणाऱ्या माशांना मात्र त्याहून जास्त उपास घडवू नये. टाकीत तांब्याचे औषध घातलेले नसेल तर अमोनिया बांधणारे द्रव बाटलीवरच्या मात्रेने घालता येते, आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवसांपुरताच धरावा.

पाणी बदलूनही आकडा का परततो

मला सर्वांत उशिरा उमगलेली आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट साध्या हिशेबाची आहे. माशांच्या कोरड्या दाण्यांत साधारण ४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्र असतो. म्हणजे एका ग्रॅम दाण्यांत ७० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र आले. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात येते, म्हणजे सुमारे ४० मिलिग्रॅम. ६० लिटरच्या टाकीत दिवसाला ०.३ ग्रॅम दाणे टाकले, तर जिवाणू नसलेल्या पाण्यात रोज लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम अमोनियाची भर पडते. ०.३ ग्रॅम म्हणजे दोन बोटांची एक चिमूटसुद्धा नाही.

आता रोज २५ टक्के पाणी बदलले तर आकडा शून्याकडे जात नाही. तो चढत जाऊन ०.८ च्या आसपास स्थिरावतो, कारण त्या पातळीला पोहोचल्यावरच पाव टाकी पाण्यातून निघून जाणारा अमोनिया रोजच्या ०.२ च्या भरीइतका होतो. रोज ५० टक्के बदलले तर तो बदलाआधी ०.४ आणि बदलानंतर ०.२ असा झुलत राहतो. पीएच ८.२ आणि २६ अंशांना ०.८ चा मुक्त भाग ०.०५ च्या वर जातो, ०.४ चा मुक्त भाग ०.०३ च्या खाली राहतो. पाव टाकीचा रोजचा बदल अपुरा का पडतो आणि अर्ध्या टाकीचा बदल माशाला कसाबसा तारून का नेतो, हे या दोन आकड्यांत दिसते. मात्र अर्ध्या टाकीसाठी रोज ३० लिटर पाणी आणि सुमारे १.१ किलो सॉल्ट मिक्स लागते, आणि महिनाभराच्या विलगीकरणात हे कोणालाही परवडत नाही. पाणी बदलणे हा वेळ मिळवण्याचा मार्ग आहे. खरे काम स्पंज फिल्टरमध्ये वाढणाऱ्या, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंनीच करायचे असते.

मूळ दोष: दोन खेपांच्या मधला काळ

माझ्या तिन्ही खेपांत स्पंज फिल्टर टाकीतच होता, हवा सुरू होती आणि पहिल्या खेपेच्या शेवटी अमोनिया शून्यावर आलाही होता. मग मासे मुख्य टाकीत गेले, विलगीकरण टाकी धुतली, स्पंज वाळवून कपाटात ठेवला आणि दोन महिन्यांनी तोच स्पंज पुन्हा पाण्यात टाकून मी समजलो की फिल्टर तयार आहे. वाळलेल्या स्पंजमध्ये अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे बहुतेक जिवाणू जिवंत राहत नाहीत. आतड्यांतले किंवा दह्यातले जिवाणू तासाभरात दुपटीने वाढतात, हे मात्र तसे नसतात. त्यांना दुप्पट व्हायला अर्ध्या दिवसापासून दीड-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे मूठभर उरलेल्या जिवाणूंपासून पुरेशी संख्या व्हायला आठवडे जातात. टाकी धुऊन वाळवणे रोगाच्या दृष्टीने योग्यच होते. चूक एवढीच होती की नव्या खेपेसाठी पिकलेला, म्हणजे असे जिवाणू भरपूर वाढलेला, स्पंज दुसरीकडे तयार ठेवला नव्हता.

ज्यांची मुख्य टाकी निरोगी आहे त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे. तिच्या सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, पाणी गाळण्याच्या वेगळ्या टाकीत) दोन-तीन स्पंज कायम पडू द्यावेत, पाण्याचा प्रवाह त्यांतून जाईल अशा जागी, आणि चार ते सहा आठवड्यांनंतर त्यांतला एक विलगीकरणासाठी उचलावा. उचलताना तो नळाखाली धुऊ नये. क्लोरीनचे पाणी अंगावर पडले तर सहा आठवड्यांची मेहनत मिनिटात जाते. मात्र मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा व्हेल्वेटचा संसर्ग असेल तर तिथला स्पंज घेऊ नये, कारण पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरियन या परजीवीच्या गाठी अशाच पृष्ठभागांवर चिकटून बसतात.

मुख्य टाकीच नसेल किंवा तिच्यावर भरवसा नसेल, तर माशाशिवाय स्पंज पिकवावा लागतो, आणि त्यासाठी नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, हे सर्वांत स्वच्छ खाद्य आहे. डाख लावण्यासाठी (सोल्डरिंगसाठी) किंवा कल्हईसाठी किरकोळीत मिळणाऱ्या नवसागरात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा, शुद्धतेचा आकडा छापलेला नवसागर रसायनांच्या दुकानातून आणावा. ६० लिटर खाऱ्या पाण्यात नत्राच्या हिशेबाने लिटरला २ मिलिग्रॅम पातळी आणायची तर साधारण ०.४५ ग्रॅम नवसागर लागतो. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर एवढे वजन नीट दिसत नाही, म्हणून ४.५ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात विरघळवून ठेवतो आणि त्यातले १० मिलिलिटर सिरिंजने घालतो. २६ ते २८ अंश तापमान, जोरदार हवा, आणि बाटलीतले सागरी नायट्रिफाइंग जिवाणू मिळाले तर तेही. किटने अमोनिया शून्य दाखवला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. ज्या दिवशी २ मिलिग्रॅमची मात्रा २४ तासांत नाहीशी होते त्या दिवशी फिल्टर तयार झाला असे मी धरतो. बाटलीशिवाय याला तीन ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर मासा येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी थोडी मात्रा देत राहावे लागते, नाहीतर जिवाणू उपाशी पडून त्यांचे काम मंदावते.

या काळात नायट्राइट उंच दिसेल. गोड्या पाण्यातून आलेल्या मंडळींना त्याची धास्ती असते, पण समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतके विपुल असते की नायट्राइट कल्ल्यांतून फारसे शिरू शकत नाही. त्याच्यासाठी पाणी बदलण्याची घाई मी करत नाही.

तांब्याचे उपचार सुरू असतील तर

इथे गुंतागुंत सर्वांत जास्त आहे. क्रिप्टोकॅरियन आणि व्हेल्वेटवर चिलेटेड तांबे (दुसऱ्या रेणूंत धरून ठेवलेले तांबे) बहुधा लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि ही पातळी ठरलेले दिवस अखंड राहावी लागते. अमोनियासाठी घाईने ३० लिटर साधे खारे पाणी ओतले की तांबे निम्म्यावर येते, परजीवीला श्वास घ्यायला जागा मिळते आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. म्हणून बदलाच्या पाण्यात आधी तेवढेच तांबे मिसळून, हॅना कंपनीच्या हाय रेंज कॉपर चेकर या तांबे मोजणाऱ्या उपकरणावर आकडा पाहून मगच ते टाकीत घालावे. मी एक वेगळा ड्रम ‘तांब्याचे पाणी’ अशी चिठ्ठी लावून तयार ठेवतो. रात्री अकरा वाजता नवे पाणी कालवण्याची वेळ मग येत नाही.

तांबे असलेल्या टाकीत अमोनिया बांधणारी द्रवे घालू नयेत. त्यांतली बरीचशी क्षपणकारक असतात, त्यांच्यामुळे तांबे माशाला अधिक घातक रूपात जाते, आणि तांब्याची काही औषधे बनवणारे स्वतःच अशा मिश्रणापासून सावध करतात. अमाइनला बांधलेले तांबे वापरत असाल तर अमोनियाच्या किटवर थोडा खोटा आकडा दिसू शकतो. औषध घालण्याआधीची आणि दुसऱ्या दिवसाची चाचणी तुलनेसाठी लिहून ठेवावी. जिवाणूंबद्दल माझा अनुभव असा की पिकलेला स्पंज तांबे सोसतो, मात्र पूर्ण मात्रा एका दिवसात दिली की दोन-तीन दिवस त्याची गती कमी होते. मात्रा चार-पाच दिवसांत चढवत नेली तर ती अडचण जाणवत नाही.

जिवाणू मिळावेत म्हणून मुख्य टाकीतला खडक किंवा प्रवाळाचा चुरा या टाकीत आणण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. कॅल्शियमयुक्त खडक तांबे शोषून घेतो आणि पातळी कधीच स्थिर राहत नाही. सक्रिय कोळशाचेही तेच आहे. आणि जिओलाइट, जो गोड्या पाण्यात अमोनिया पकडतो, तो समुद्राच्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथले भरपूर सोडियम अमोनियमची जागा अडवते. ‘अमोनिया रिमूव्हर’ असे लिहिलेली पांढऱ्या खड्यांची पिशवी घेण्याआधी ती कशाची आहे हे दुकानदाराला विचारावे.

सुटून जाणारी कारणे

पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांत अडकलेले खाणे हे पहिले. मासा घाबरलेला असतो, मायसिस (खाद्य म्हणून दिली जाणारी बारीक कोळंबी) खात नाही, ते प्रवाहाबरोबर पाइपात जाऊन बसते आणि तिथे कुजते. खाणे दिल्यावर वीस मिनिटांनी उरलेले बारीक नळीने ओढून काढावे, पाइप उचलून आत पाहावे.

दुसरे म्हणजे वीज. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-तीन तास जाते. उघड्या स्पंज फिल्टरला ते बहुधा चालून जाते, पण बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये प्राणवायू लवकर संपतो, जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर तेच कुबट पाणी टाकीत येते. विलगीकरणासाठी स्पंजच बरा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

क्षारता एक-दोन दिवसांत विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याचा उपचार केला, तर स्पंज काही दिवस थंडावतो आणि अमोनिया डोके वर काढतो; त्या आठवड्यात रोज चाचणी हवी. पाण्याची अल्कता (पीएच टिकवून धरण्याची क्षमता) घटल्याने पीएचही खाली येतो आणि तो सावरण्यासाठी लोक खाण्याचा सोडा घालतात. आधी अमोनिया मोजावा, तो शून्याजवळ असेल तरच सोडा थोडाथोडा घालावा. प्रतिजैविके दिली असतील तर फिल्टर निकामी झाला असे समजूनच पाण्याची तयारी ठेवावी.

आणि प्रवासाची पिशवी. चेन्नईहून किंवा परदेशातून बारा-चोवीस तासांच्या प्रवासाने आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडून त्यात तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसलो तर वायू निघून जातो, पीएच चढतो आणि मासा स्वतःच्याच पिशवीत भाजून निघतो. त्याऐवजी बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे, विलगीकरण टाकीची क्षारता पिशवीच्या पाण्याइतकी आधीच ठेवावी (विक्रेत्याला फोन करून आकडा विचारता येतो), आणि पिशवी उघडताच मासा डब्याने उचलून टाकीत सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. पहिल्याच दिवशी दिसणारा अमोनिया अनेकदा त्या एका ओतण्यातून आलेला असतो.

उपचार संपून मासे मुख्य टाकीत गेले की वापरलेला स्पंज त्यांच्याबरोबर परत नेऊ नये. तो ब्लीचच्या पाण्यात बुडवून, भरपूर धुऊन, चांगला आठवडाभर कोरडा करावा. आणि ज्या दिवशी पिकलेला स्पंज सम्पमधून काढला त्याच दिवशी त्याच्या जागी नवा कोरा स्पंज सोडून वहीत तारीख लिहावी. तो पिकायला चार ते सहा आठवडे लागणार आहेत, आणि पुढचा मासा त्यानंतरच आणावा.